ऐंशी रुपये उसने

१५ मार्च १९५९ या दिवशी मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवास नावाच्या इमारतीच्या गच्चीवर सात बायका पोळपाट-लाटणी घेऊन बसल्या. त्या दिवशी पापडांची चार पाकिटं तयार झाली. सगळ्या गुजराती, घरचं उरकून थोडा वेळ काढू शकणाऱ्या, शिक्षण बेताचं. नोकरी मिळावी असं कसलंही प्रमाणपत्र कुणाकडे नव्हतं. पापड मात्र येत होते.

ज्यांच्या घरी उन्हाळ्यात वाळवणं होतात, त्यांना हे ‘येणं’ म्हणजे काय ते सांगायला नको. उडदाचं पीठ, मिरी, हिंग, पापडखार. पाणी जपून घालायचं आणि पीठ इतकं घट्ट भिजवायचं की ते नुसतं मळून भागत नाही, कुटावंच लागतं. तेलाचा हात लावून त्याची सुरळी करायची, दोऱ्याने लाट्या पाडायच्या आणि मग एकेक लाटी अशी लाटायची की जाडी सगळीकडे सारखी राहील. कड जाड राहिली तर भाजताना ती कच्ची राहते आणि मधला भाग करपतो. हे हाताला कळायला वर्षं जातात. पण या कळण्याला पैशांत मोल आहे असं तेव्हा घरात कुणी म्हणत नव्हतं. शेजारणीचे पापड लाटायला गेलं की चहा मिळे आणि पुढच्या आठवड्यात ती आपल्याकडे लाटायला येई. व्यवहार तिथेच संपे.

या सात जणींपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ साली, वयाच्या नव्वदीत, पद्मश्री मिळाली. त्यांनी आणि बाकीच्या सहा जणींनी मिळून उभं केलेलं काम म्हणजे ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’. आज ४५ हजारांच्या आसपास बायका, ८० हून अधिक शाखा आणि १,६०० कोटी रुपयांच्या घरातली वार्षिक उलाढाल, अशी त्याची ओळख करून दिली जाते. हे आकडे मोठे आहेत, पण मला त्याहून जास्त महत्त्वाचा वाटतो तो पहिल्या दिवसाचा आकडा. ८० रुपये.

हे पैसे छगनलाल करमशी पारेख यांनी दिले. त्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे, म्हणजे भारत सेवक समाजाचे, ते सदस्य होते. आयुष्यभर समाजसेवा केलेला माणूस. त्यांना ८० रुपये दान देणं सोपं होतं आणि घेणाऱ्यांनाही ते वावगं वाटलं नसतं. पण ते पैसे उसने म्हणून घेतले गेले. त्यातून तोट्यात चाललेला एक छोटा पापडाचा धंदा आणि लागणारं सामान घेतलं. तयार झालेले पापड भुलेश्वरमधल्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे विकायला ठेवले.

दान मिळालेल्या पैशाचा हिशोब देणाऱ्याला द्यायचा असतो. तो समाधानी झाला की पुढचं दान येतं. उसन्या पैशाचं तसं नाही. ते फेडायचे तर पापड विकले गेले पाहिजेत. विकले जायचे तर भुलेश्वरला दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या, या सात जणींविषयी काहीही न जाणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते आवडले पाहिजेत. ‘बिचाऱ्या बायकांनी केलेत’ म्हणून माणूस एकदा पाकीट घेतो. दुसऱ्यांदा घेतो ते पापड चांगला असला तरच. सामाजिक संस्थांनी धंद्याची रीत उचलली म्हणजे नेमकं काय उचललं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन: त्यांनी हे दुसरं पाकीट मनावर घेतलं. नफा, ब्रँड, जाहिरात हे सगळं त्याच्या मागून येतं.

सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायचा. बाप्पांनी तो हलका पापड बंद करायला लावला. एकच प्रत ठेवा, ती उत्तम ठेवा आणि हे काम धंदा म्हणूनच चालवा, हिशोब चोख ठेवा, हा त्यांचा आग्रह होता. समाजसेवकाने धंद्याचा आग्रह धरावा हे वरवर उलटं वाटेल. पण हलका पापड विकणं म्हणजे आपल्या कामाला आपणच हलकं म्हणणं, हे त्या माणसाला दिसत होतं. लोकांकडून देणग्या मागायच्या नाहीत, तोटा झाला तरी मागायच्या नाहीत, असं पहिल्यापासून ठरलेलं होतं. त्यामुळे वाईट पापड झाकायला दुसरा पैसा नव्हताच.

पहिल्याच वर्षी मुंबईच्या पावसाने काम चार महिने बंद पाडलं. पापड वाळेनात. दुसऱ्या पावसाळ्यापूर्वी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसात काम चालू राहिलं. मला ही खाट फार आवडते. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ‘हंगामी जोखीम’ म्हणून ज्याच्यावर पानंच्या पानं लिहिलेली असतात, त्यावरचा हा तोडगा स्वयंपाकघरात वावरलेल्या बाईलाच सुचू शकतो.

पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. तीन महिन्यांत सातच्या पंचवीस जणी झाल्या होत्या. दुसऱ्या वर्षी शंभरावर गेल्या, तिसऱ्या वर्षाअखेर तीनशेच्या पुढे. आता गच्ची पुरेना. इथे त्यांनी असा एक निर्णय घेतला की पुढची सगळी वाढ त्यावर उभी राहिली. मळलेलं पीठ बायकांना घरी न्यायला दिलं. पापड घरी लाटायचे, घरीच वाळवायचे, दुसऱ्या दिवशी शाखेत आणून तोलून द्यायचे, त्यातले पसंत ठरतील त्यांची लाटणावळ रोखीने घ्यायची आणि नवं पीठ घेऊन परत जायचं.

ही साखळी नीट पाहण्यासारखी आहे. हजारो बायकांनी एका छपराखाली लाटायचं आणि वाळवायचं ठरवलं असतं तर केवढी जागा लागली असती आणि मुंबईत तिचं भाडं काय झालं असतं! ती जागा घरांनी दिली. पीठ मात्र शाखेतच मळलं जातं, त्यामुळे चव कुठल्या घरात लाटला त्यावर बदलत नाही. कच्चा माल संस्था एकत्र खरेदी करते. आणि बाईला रोज पैसे द्यायचे म्हटल्यावर विक्रीही रोखीनेच करावी लागते. म्हणून वितरकाने माल उचलताना पैसे मोजायचे, उधारी नाही, असा नियम झाला. व्यापारात उधारीवर माल घालून बाजार पटकन वाढवता येतो. लिज्जतने तो मार्ग घेतला नाही, कारण त्या उधारीचा भार शेवटी लाटणाऱ्या बाईच्या रोजच्या पैशांवर पडला असता. धंद्याचा नियम कुणाच्या सोयीने ठरतो, यावरून संस्था कुणाची आहे ते कळतं.

लिज्जतमध्ये लाटणारी प्रत्येक बाई मालक असते. तिला कामगार म्हणत नाहीत, भगिनी म्हणतात. शाखेची प्रमुख ‘संचालिका’ असते आणि तीही लाटणाऱ्यांमधूनच वर येते. नफा झाला तर सगळ्यांत समान वाटला जातो, तोटा झाला तर तोही सगळ्यांनी सोसायचा. लाटणारीला, पीठ मळणारीला आणि समितीवर बसणारीला वाटणीत भेद नाही. ज्यांच्या खोलीत पापड वाळवण्याइतकी जागा नाही त्यांना शाखेतच पीठ मळण्याचं, तपासणीचं, पाकिटं भरण्याचं काम दिलं जातं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसं राहणाऱ्या या शहरात ही तरतूद केली नसती, तर जिला कामाची सर्वांत जास्त गरज तीच बाहेर राहिली असती.

१९६२ साली पापडाला नाव शोधण्यासाठी स्पर्धा घेतली. बक्षीस पाच रुपये. त्यातून ‘लिज्जत’ हे नाव आलं. त्याच सुमारास वर्षाची विक्री दीड लाखाच्या पुढे गेली. सगळंच जमलं असं मात्र नाही. १९६१ साली मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला होता. पुढे दूरदर्शनच्या काळात रामदास पाध्ये यांचा बोलका ससा घरोघरी पोचला आणि पापडाचा कुर्रमकुर्रम आवाज एका पिढीच्या कानात बसला. आपल्यातल्या अनेकांना ससा आठवतो, पण त्या पाकिटाची मालकी हजारो बायकांकडे आहे हे ठाऊक नसतं. एका अर्थी हे चांगलंच झालं. पाकीट कणव म्हणून कुणी घेतलं नाही.

१९६६ हे वर्ष संस्थेच्या कागदपत्रांचं. जुलैमध्ये सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदणी झाली. हा कायदा १८६०चा, मुळात साहित्य, विज्ञान, धर्मादाय अशा कामांसाठी केलेला. त्यात पापड विकणारी, नफा वाटणारी बायकांची संस्था बसवणं सोपं नव्हतं. पण कंपनी काढली तर मालकी भागभांडवलावर ठरली असती आणि भांडवल तर त्यांच्याकडे नव्हतं, हात होते. सप्टेंबरमध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने मान्यता दिली आणि खेळतं भांडवल म्हणून आठ लाख रुपये मिळाले. सात वर्षं चोख ठेवलेल्या वह्यांनी तेव्हा कामाला हातभार लावला असणार. ज्यांनी त्या ठेवायला लावल्या, ते छगनबाप्पा १९६८ साली गेले.

गिरगावातून उत्तरेला, परळ-लालबागच्या गिरण्यांकडे गेलं की याच प्रश्नाला दुसऱ्या टोकाने भिडलेली एक संस्था भेटते. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने राहत आणि खाणावळीत जेवत. ही खाणावळ म्हणजे चाळीतली एखादी बाई, तिची एक चूल आणि महिन्याच्या पगाराला पैसे देणारी दहा-पंधरा माणसं. महिनाभर तिने किराणा उधारीवर आणायचा, वाण्याला चढा भाव द्यायचा, नाहीतर सावकाराचं व्याज. राब राब राबून नफा वाण्याचा. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या आणि नंतर कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यांनी बायकांना शिजवायला शिकवलं नाही, ते त्यांना येतच होतं. त्यांनी राष्ट्रीयीकृत बँकेची दारं ठोठावली आणि गहाण ठेवायला काही नसलेल्या बाईला, एकमेकींच्या हमीवर, खेळतं भांडवल मिळवून दिलं. धंदा बाईचा पूर्वीपासूनच चालू होता. फक्त त्याला कुणी धंदा म्हणत नव्हतं, म्हणून त्याला बँकही नव्हती.

या कामांना ‘सामाजिक उद्योजकता’ हा शब्द मागाहून चिकटला. अमेरिकेत बिल ड्रेटन यांनी १९८० साली अशोका ही संस्था काढली, समाजाचा प्रश्न सोडवायला उद्योजकाच्या चिकाटीने भिडणारी माणसं हुडकून त्यांना आधार द्यायचा म्हणून. तिने पहिली माणसं निवडली ती भारतातली. पुढे बांगलादेशात मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेचं नाव झालं, २००६ साली नोबेल मिळालं आणि विद्यापीठांतून या विषयाचे वर्ग सुरू झाले. आपल्याकडे नोंदणीच्या वाटा अनेक आहेत: सोसायटी, न्यास, सहकारी संस्था, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. कोणती वाट धरावी यावर सनदी लेखापाल तासभर बोलू शकतात. त्यात इथे शिरत नाही. कागद कोणताही असो, विचारायचे प्रश्न दोनच: पैसे कोण देतं आणि उरलेले कुणाकडे जातात.

पहिल्या प्रश्नाचं सर्वांत धीट उत्तर मदुराईत मिळालं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी सरकारी नोकरीतून ५८व्या वर्षी निवृत्त झाले आणि १९७६ साली एका घरात ११ खाटांचं डोळ्यांचं रुग्णालय त्यांनी सुरू केलं. तरुणपणी संधिवाताने त्यांची बोटं वाकडी केली होती. त्याच बोटांनी त्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया शिकून घेतल्या आणि आयुष्यात लाखावर केल्या. अरविंद नेत्र रुग्णालय म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेत पैसे भरणारे रुग्ण आहेत आणि न भरणारेही, आणि कोणत्या रांगेत उभं राहायचं ते रुग्णाने स्वतः ठरवायचं. उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही. डॉक्टर दोन्हीकडे आळीपाळीने काम करतात. खोली, गादी, पंखा यांत फरक असेल, हातात नाही.

पैसे भरणाऱ्यांच्या जिवावर न भरणाऱ्यांचं कसं निभावतं? शस्त्रक्रियागृहातली वेळ वाया जात नाही म्हणून. सर्जन एका टेबलावर शस्त्रक्रिया करत असतो तेव्हा शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार असतो. त्याला तयार करणाऱ्या परिचारिका खेड्यापाड्यांतून निवडून तिथेच शिकवलेल्या मुली असतात. सर्जनने फक्त तेच करायचं जे सर्जनलाच करता येतं. त्यामुळे तिथला एक सर्जन वर्षाला दोन हजारांच्या आसपास शस्त्रक्रिया करतो, देशातल्या सरासरीच्या कितीतरी पट. हा धडा डॉ. वेंकटस्वामींनी मॅकडोनाल्डकडून घेतला हे ते स्वतः सांगत. एकच वस्तू, एकाच दर्जाची, जगात कुठेही, परवडेल अशा किमतीत देता येते, तर दृष्टी का देता येऊ नये, असा त्यांचा सवाल होता.

अडसर उरला तो डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाचा. ते बाहेरून यायचं आणि शंभर डॉलरच्या आसपास पडायचं. भिंग दान मिळवत राहणं हा एक मार्ग होता. त्यांनी १९९२ साली मदुराईतच ऑरोलॅब हा कारखाना काढला आणि भिंगाची किंमत दहा डॉलरच्या खाली आणली. ती भिंगं पुढे परदेशांतही जाऊ लागली. धर्मादाय रुग्णालयाने कारखाना काढावा का, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला असेल तर त्याचं उत्तर एका आकड्यात होतं. दान मिळालेलं भिंग एका माणसाचं असतं, उतरलेली किंमत सगळ्यांची.

आता माणदेश. साताऱ्याच्या पूर्वेचा, पाऊस चुकवणारा हा मुलूख. मुंबईत वाढलेल्या, जयप्रकाशांच्या आंदोलनातून घडलेल्या चेतना गाला लग्नानंतर इथे म्हसवडला आल्या आणि चेतना गाला सिन्हा म्हणून राहिल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला पावसाळ्यापूर्वी पालावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. बँक खातं उघडेना, कारण एवढ्याशा रकमेचं खातं बँकेला परवडत नव्हतं. तिला अनुदान नको होतं. कर्जही नको होतं. तिला स्वतःचेच पैसे ठेवायला जागा हवी होती.

चेतनाताईंनी बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज परत केला, कारण प्रवर्तकांपैकी काही जणी निरक्षर होत्या, कागदावर अंगठे होते. निराशा झाली, पण बायकांनीच म्हटलं की मग शिकू. काही महिने साक्षरतेचे वर्ग चालले आणि मग पंधराएक जणी स्वतः रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर जाऊन बसल्या. त्यांनी सांगितलं, आमच्या गावात शाळा नव्हती म्हणून आम्हाला लिहिता येत नाही, पण हिशोब येतो. कोणत्याही मुद्दलाचं व्याज आम्हाला विचारा आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, बघू कुणाचं आधी येतं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

या बँकेचं खरं वेगळेपण काउंटरवर दिसत नाही, ते तिच्या प्रतिनिधीच्या चालण्यात दिसतं. बाजारात बसणारी भाजीवाली बँकेत येऊ शकत नाही, तिचा दिवस बुडतो. म्हणून बँक तिच्या पाटीपाशी जाते, रोजचे पैसे तिथेच घेते. मग अडचण आली पासबुकाची. पासबुक घरी नेलं की नवऱ्याला शिल्लक कळते. तेव्हा कार्ड काढायचं ठरलं. कार्ड आलं तर त्याला गुप्त आकडा हवा, असं बँकेचे लोक म्हणाले. एका बाईने नको म्हटलं. आकडा कुणीही काढून घेईल, माझा अंगठा कोण चोरणार? ज्या अंगठ्यामुळे अर्ज परत आला होता, तोच आता त्यांनी कुलूप म्हणून मागितला. गिऱ्हाईक मालक असलं की वस्तू कशी सुधारते, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्यापाशी नाही.

पण दुसरा प्रश्न, उरलेले पैसे कुणाकडे जातात हा, विसरला की काय होतं तेही आपण याच देशात पाहिलं आहे. गरीब बायकांना गट करून छोटी कर्जं देण्याचं काम अनेक स्वयंसेवी संस्थांनी सुरू केलं. परतफेड उत्तम होती. मग भांडवल वाढवायला त्यांतल्या काही नफ्याच्या कंपन्या झाल्या. १९९७ साली स्वयंसेवी संस्था म्हणून जन्मलेली एसकेएस २०१० साली शेअर बाजारात उतरली आणि तिच्या भागविक्रीतून १,६०० कोटींहून अधिक रुपये गोळा झाले. त्या वर्षीच आंध्र प्रदेशात एकेका बाईच्या डोक्यावर तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जं असल्याचं, वसुलीच्या जाचाचं आणि आत्महत्यांचं वास्तव समोर आलं. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढला, वसुली थांबली आणि सगळा व्यवसाय हादरला. रिझर्व्ह बँकेला समिती नेमून व्याजावर मर्यादा घालावी लागली.

हे का झालं? दर आठवड्याची वसुली, गटाची हमी, चोख वह्या, हे सगळं तर तिथेही होतं, बहुधा अधिकच चोख. फरक मालकीचा होता. भागधारकाला दर तिमाहीला वाढ हवी असते आणि कर्जाच्या धंद्यात वाढ म्हणजे अधिक कर्ज. कर्ज घेणाऱ्या बाईला त्या वाढीला ‘पुरे’ म्हणायची जागा कुठेच नव्हती. लिज्जतमध्ये तोटा झाला तर तो लाटणाऱ्यांचा आणि नफाही त्यांचाच. म्हसवडच्या बँकेत सभासद खातेदार सभेत उभी राहून बोलू शकते. हेतू चांगला होता की वाईट, यावर मी फार वेळ घालवणार नाही. चांगल्या हेतूंची माणसं दोन्हीकडे होती.

आणि प्रत्येक गोष्ट विकता येत नाही, हेही नीट मान्य करावं लागतं. पुण्यातल्या कचरावेचक बायकांचं काम मला या बाबतीत फार शिकवणारं वाटतं. १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना झाली. बाबा आढाव तिच्या पाठीशी होते, लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने यांनी ती बांधली. संघटनेने पहिली मागणी ओळखपत्राची केली. उकिरड्यावर सकाळी भेटणाऱ्या बाईला चोर समजून हटकलं जाई, कुत्री अंगावर जात. महापालिकेची मान्यता असलेलं ओळखपत्र हे बाजारात मिळत नाही. ते मोर्चा काढून, निवेदनं देऊन, वर्षानुवर्षं मागून मिळवावं लागतं. ते मिळालं, मग मुलांच्या शिक्षणाचे, विम्याचे प्रश्न हाती घेतले आणि त्यानंतर कुठे, २००८ साली, ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली.

म्हणजे इथे धंदा हक्काच्या पायावर उभा राहिला, हक्काच्या बदल्यात आला नाही. हा क्रम उलटा करायचा प्रयत्न अनेक संस्थांवर लादला जातो. ‘तुमचं काम स्वतःच्या पायावर कधी उभं राहणार?’ हा प्रश्न देणगीदार अलीकडे सर्रास विचारतात, वेठबिगारीतून सुटलेल्या माणसाची केस लढवणाऱ्यालाही विचारतात. त्याने काय विकावं? काही कामांना देणगी आणि सरकारचा पैसाच लागतो, कायम लागतो, आणि त्यात त्या कामाचं कमीपण काही नाही.

‘स्वच्छ’मध्ये मात्र पैसे देणारं घर समोरच असतं. बाई सकाळी दारावर येते, ओला आणि सुका कचरा वेगळा मागते, सुक्यातलं भंगार विकून त्याचे पैसे तिचे. शिवाय प्रत्येक घराने महिन्याला सेवाशुल्क द्यायचं, तेही तिच्याच हातात. काही घरं ते देतात, काही टाळतात, काही ‘पुढच्या महिन्यात एकदम देऊ’ म्हणतात. पूर्वी ती उकिरड्यावर जे सापडेल ते गोणीत भरून निघून जायची. आता ती जिन्यात थांबते, पिशवीतून वही काढते आणि कोणत्या घराचे किती महिने राहिलेत ते सांगते.